मीटरवर अठ्ठावीस

“टायर मडगार्डाच्या दोन बोटं बाहेर येतोय,” स्टेनथोर म्हणाला आणि त्यानं तपकिरीची चिमूट नाकात ओढली. “असा रस्त्यावर नाही सोडता येणार.”

केतिलनं वाद घातला नाही. मासळीच्या कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचं रबर त्यानं कापलं आणि मडगार्डाच्या कडेला रिव्हेटनं ठोकलं. दोन रिव्हेट वाकडे बसले.

“आता?”

“आता झाकला. दिवे लाव.”

एरवी शनिवारी स्टेनथोरनं तपासणी केंद्राचं कुलूप कुणासाठीही उघडलं नसतं. पण केतिलचा धाकटा भाऊ ओर्री हिमनदीवर हरवून आज पाचवा दिवस होता.

मंगळवारी रेडिओवर त्याचा आवाज एकदाच आला होता. “इंजिन गेलं. वादळ आलंय. झोपडीपासून सरळ दक्षिणेला, मीटरवर अठ्ठावीस. केतिलला सांगा, त्याला कळेल.” नंतर नुसती खरखर.

बचाव पथकानं हिमनदीच्या कडेच्या त्या झोपडीपासून अठ्ठावीस किलोमीटर मोजले आणि दोन दिवस तिथल्या बर्फात काठ्या खुपसल्या. ना गाडी, ना माणूस. मग वादळानं त्यांनाही खाली पिटाळलं. आज आभाळ उघडलं होतं, पण संध्याकाळपर्यंतच. शिवाय ताज्या बर्फात पथकाच्या गाड्या पोटापर्यंत रुतत होत्या. चव्वेचाळीस इंची टायर, त्यातली हवा जवळजवळ सगळी सोडायची आणि भुसभुशीत बर्फावरून अलगद जायचं, अशा गाड्या या भागात दोनच. एक ओर्रीची, ती वर गाडली गेलेली. दुसरी केतिलची, अजून पुरती न झालेली आणि बिननंबराची.

पथकाची प्रमुख हाल्ला आडपडदा न ठेवता बोलली होती. “पास झाल्याचा कागद आण, मग ये. वर तुझं स्टिअरिंग तुटलं तर मी दोन-दोन भाऊ शोधत बसू का?” तिचं चुकत नव्हतं, म्हणूनच केतिलला तिचा जास्त संताप आला होता.

ओर्रीची बायको रानवेग कोपऱ्यात बसून होती. समोरच्या सुक्या मासळीला तिनं हात लावला नव्हता.

“अजून किती वेळ?” तिनं विचारलं.

“ब्रेक झाले, स्टिअरिंग झालं. मीटर राहिलाय,” स्टेनथोर म्हणाला. “मीटर जुळवायची डबी बसवलीस ना रे?”

“बसवली. म्हणजे ओर्रीनं बसवली, मागच्या आठवड्यात. रेक्याविकहून मागवलेली आली का विचारलं, तर म्हणाला, आली ना, आता गप तपासणीला जा. हसत होता गाढव.”

दुसऱ्यानं आवळलेला एकूण एक नट केतिल पुन्हा आवळून बघायचा, गावात त्याची त्यावरून थट्टा व्हायची. या पाच दिवसांत मात्र त्यानं कशाकडेच वळून पाहिलं नव्हतं. गाडी एकदाची उभी राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

समुद्राकाठच्या रस्त्यावर मीटर तपासायला दहा किलोमीटरपर्यंत खांब रोवलेले होते. स्टेनथोरनं स्वतः गाडी हाकली. केतिल शेजारी मुठी आवळून बसला.

“बघ,” शेवटच्या खांबाशी स्टेनथोर म्हणाला. “दहाला दहा. डबी नसती ना, तर दहा जाऊन सातच दाखवले असते. चाक मोठं झालंय हे मीटरला कोण सांगणार?”

“मला शिकवतोस? आयुष्य गेलं त्यात. कागद दे.”

स्टेनथोरनं बॉनेटवरच सही केली आणि स्वतःच्या हातानं नंबरप्लेट लावली. “घेऊन ये त्याला,” एवढंच तो बोलला.

परत आले तेव्हा रानवेग दारात उभी होती. हातात थर्मास आणि खाकी कागदातलं एक पुडकं.

“हाल्लाचा रेडिओवर निरोप आला होता. ते दहा मिनिटांत निघताहेत, तू मागून ये म्हणाली. आणि हे तुझं. रस्ता उघडला, पंधरा दिवसांनी रेक्याविकची बस आली.”

“टाक कुठंतरी. आता पार्सल बघू का मी?”

“तुझ्याच नावाचं आहे. मला वाटलं, गाडीचं काही लागणारं असेल.”

चिडून त्यानं कागद फाडला. आत तेल लावलेली, कोरी करकरीत पितळी डबी होती. मीटरची.

“दोन मागवल्या होत्यास?” रानवेगनं विचारलं.

“एकच.”

तो गाडीत शिरला, आडवा झाला आणि त्यानं मीटरच्या तारेखाली हात घातला. आत बसवलेली डबी बोटांना लागली. ती नवी नव्हती. तिच्या कडेला दोन वर्षांपूर्वी त्यानंच ठोकलेली खूण होती, ओर्रीच्या नावाचं पहिलं अक्षर.

त्यानं अंगठ्यानं ती खूण पुन्हा चाचपली. रानवेग वाकून त्याच्याकडे बघू लागली.

“काय झालं? केतिल, बोल ना! काय झालं?”

“त्यानं स्वतःची काढून मला दिली, रानवेग. त्याच्या गाडीला डबीच नाही, मीटर दहाला सातच दाखवणार.” केतिल धडपडत उठला आणि रेडिओकडे झेपावला. “हाल्ला! थांबा, हाल्ला! तो अठ्ठाविसाला नाहीच. चाळिसाला आहे!”