शेफ स्वतः वाचतात

"मीठ जास्त झालंय," काकू म्हणाल्या. "त्याला सांग."

हेडफोनमधला आवाज सूप कंपनीच्या तक्रारकेंद्रातल्या मुलीने लगेच ओळखला. सोमवारच्या काकू. गेल्या सोमवारी याच सूपमध्ये मीठ कमी होतं, त्याच्या आधीच्या सोमवारी मिरपूड नाकात गेली होती. पाकिटं तीच, कारखाना तोच. बदलायची ती फक्त तक्रार.

पाकिटावर एक हसरा शेफ होता, हाताची घडी घालून उभा. टीव्हीवर हाच माणूस लोकांच्या पातेल्यात चमचा बुडवून भल्याभल्यांना रडवायचा. काकू त्याची आई. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मुलीने हसू दाबायला ओठ चावले होते. पण त्याच्या डाव्या भुवईतली खूण ओट्यावर चढताना पडून झाली, तीन टाके पडले, तरी हातातला झारा सोडला नाही, हे काकूंनी सांगितलं आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"पाकिटावर छापलंय काय, तर ‘माझ्या आईची पद्धत’." काकू आज रंगात होत्या. "मी जन्मात टोमॅटोचं सूप केलं नाही गं. हा लहानपणी टोमॅटो ताटाच्या कडेला काढून ठेवायचा, एकेक फोड वेचून. हे पण लिही."

मुलीने लिहिलं नाही. कुठे लिहिणार? स्क्रीनवर तक्रारीचे सहाच प्रकार होते: चव, वास, गुठळ्या, फाटकं पाकीट, उलटलेली तारीख आणि इतर. ‘पद्धत आईची नाहीच’ असा प्रकार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"आणि ते गुडघ्याचं?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "परवा माझं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलंस ना त्याला? तसं त्याने यायलाच हवं असं नाही, त्याला कामं असतात. पण घरच्या माणसाची सही लागते म्हणे. त्याला फोन लावला की तो मॅनेजर उचलतो, सर शूटिंगला आहेत म्हणतो. तुमचं बरं आहे. तुमच्याकडे तो स्वतः वाचतो."

‘तुमची तक्रार शेफ स्वतः वाचतात.’ प्रत्येक फोनच्या शेवटी हे म्हणायचंच. ती दिवसातून साठ वेळा म्हणायची, झोपेतही म्हणाली असती. लोकांचा कंपनीवरचा विश्वास या एका वाक्यावर उभा आहे, असं मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आज सकाळी भिंतीवर सूचना लागली होती: शेफचा करार संपला. एक तारखेपासून पाकिटावर नवे शेफ. वाक्य तेच ठेवावे.

स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ लाल झाली. चार मिनिटं उलटली की ती लाल व्हायचीच. पलीकडच्या टेबलावरून सुपरवायझर मॅडमनी मान वर केली. ‘हो, सांगितलं’ म्हटलं की सुटली असती. पण मग परवा काकू हॉस्पिटलच्या खाटेवर दाराकडे डोळे लावून पडल्या असत्या.

"काकू," ती म्हणाली. फोन करणाऱ्या सगळ्या बायकांना मॅडम म्हणायचा नियम होता. "ते नाही वाचत. कधीच नाही वाचलं. त्यांच्याकडे काही जातच नाही हो. सहीसाठी दुसऱ्या कोणाला तरी सांगा, शेजारच्यांना सांगा. आणि आता तर पाकिटावरही ते नसणार."

तिकडे वाटीत चमचा फिरत होता, तो थांबला.



"मग इतके दिवस माझं लिहीत कुठे होतीस?"

"‘इतर’मध्ये."

"बरं." काकूंनी घसा साफ केला. मग, शेजारी कोण राहायला आलंय हे विचारावं तशा सुरात म्हणाल्या, "नवीन कोण येतोय?"

"तरुण आहे एक. हसला की गालाला खळी पडते."

"आई असेल ना त्याला?"

"असेल की."

"तिचा फोन येईल," काकू म्हणाल्या. "तिला हे असं लगेच सांगू नकोस हं. महिना-दोन महिने जाऊ दे."