ॲकॉर्डियनचा भाता

"मी नुसता ऐकायला आलोय," अच्युतरावांनी विंगेतच सांगून टाकलं. पक्षाघातानं डावा हात लुळा पडल्यापासून त्यांनी ॲकॉर्डियनला हातही लावला नव्हता. पण त्यांचा बंद पडलेला ऑर्केस्ट्रा एका कार्यक्रमासाठी पुन्हा जमणार म्हटल्यावर घरी बसवेना.

कोंगो वाजवणाऱ्या इक्बालनं त्यांना स्टेजवर नेऊन बसवलं. वहिनींकडून गुपचूप आणवलेला ॲकॉर्डियन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि डावीकडे स्वतःची खुर्ची ओढली. "उजवा हात शाबूत आहे ना? तू पट्ट्या दाब. भाता मी ओढतो."

पडदा वर गेला. पहिल्याच ओळीला सूर फाटला. प्रेक्षकांत कुजबुज झाली. अच्युतरावांना उठून निघून जावंसं वाटलं. मग त्यांनी सवयीनं मान हलवून ताल दिला. इक्बालनं तो नेमका पकडला आणि गाणं मार्गी लागलं.

टाळ्या थांबेनात. अच्युतराव मात्र मित्राकडे वळून, आजारपणानंतर पहिल्यांदाच, डाफरले, "केवढ्यानं ओढतोस रे! लोहाराचा भाता आहे का?"

"चुकलं, मास्तर," इक्बाल खुशीत म्हणाला. "पुढचं कुठलं घ्यायचं?"

अच्युतरावांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली. "सगळीच घेऊ."