बारावी बरणी

"सील कुणी तोडलं?"

चपला काढायच्या आधीच तेजस्विनीने विचारलं. बिबवेवाडीतल्या गोदाकाकूंच्या ओट्यावर तिची बरणी उभी होती आणि बरणीत शेंगदाणे होते.

ही बरणी तिने तीन वर्षं खपून घडवली होती. घरच्या घरी खायचं शेवाळ वाढवायचं, रोज चमचाभर गाळून चटणीत घालायचं. आत दिवा, हवेचा पंप, वर घट्ट झाकण. बारा घरांत तीन महिने वापरून बघायला बारा बरण्या दिल्या होत्या. अकरा बरण्यांतलं शेवाळ पिवळं पडून मेलं. ज्यातून सगळ्यांना दिलं, ते प्रयोगशाळेतलं मूळ शेवाळही परवा गेलं. सोमवारी पेलाभर जिवंत शेवाळ दाखवता आलं नाही, तर कंपनी हे कामच बंद करणार होती. सगळी भिस्त या बाराव्या बरणीवर. आणि बरणीत शेंगदाणे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकू, झाकण उघडायचं नाही, असं कागदावर लिहिलं होतं. तुम्ही सही केलीत."

"केली की." गोदाकाकू लसूण सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "आठ दिवसांत पिवळं पडाय लागलं ते. उकडत होतं त्याला आत. तुम्ही बसाल का असं झाकण लावून? मी काढलं बाहेर."

"फेकलंत?"

"जित्या जिवाला फेकतंय कोण? पातेल्यात ओतलं, वर फडकं बांधलं. दाट झालं, मग शेजारणींना दिलं थोडं थोडं."

"शेजारणींना दिलं?" तेजस्विनीचा आवाज चढला. करार, वकील, नोटीस, तिने सगळं काढलं. हे कंपनीचं शेवाळ आहे, तुमच्या घरचं दही नव्हे, असंही म्हणाली.

"विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायची रीत आमच्यात नाय," गोदाकाकू शांतपणे म्हणाल्या.

तेजस्विनीने शेंगदाणे ताटात ओतले, बरणी उचलली आणि तणतणत बाहेर पडली. गॅलरीत तिचे पाय थबकले. येताना फोनवर बोलण्याच्या नादात तिने पाहिलंच नव्हतं. शेजारच्या दारात लोणच्याची जुनी काचेची बरणी, वर पांढरं फडकं. पुढच्या दारात प्लास्टिकची बादली. त्यापुढे कान तुटलेलं पातेलं. सगळ्यांत हिरवंगार. एक बाई धुणं वाळत घालता घालता बादलीत डाव फिरवून गेली.

तिला आणखीच राग आला. तीन वर्षं. दिवा, पंप, झाकण. पण आता हा राग काढायचा कुणावर, ते कळेना. ती बादलीवर वाकली; सोमवारी पेलाभर तरी हवंच होतं. मग मागे वळून दारात आली.

"काकू, मला द्याल थोडं?"

गोदाकाकू उठल्या. पातेल्यावरचं फडकं सोडलं, डावाने ढवळलं आणि तिच्या हातातल्या बरणीकडे पाहिलं.

"देते की. ही सोडून दुसरं भांडं आणलंय का?"