पाचवी पँट

बेल वाजली आणि शिवणयंत्रावरून आई नेहमीसारखी ओरडली, "अगं, ढब्बूला धर!" लेकही सवयीनं धावली, पट्टा धरायला वाकली आणि रिकाम्या हातानं तशीच राहिली. कुत्र्याला जाऊन आठवडा झाला होता. आईनं दार उघडलं तर बाहेर पोस्टमन, पिशवी ढालीसारखी गुडघ्यांपुढे धरून! "भाऊ, ढब्बू गेला हो." "माहितीय वहिनी. पण पायांना कोण सांगणार?" बारा वर्षांत ढब्बूनं त्याच्या चार पँटी फाडल्या होत्या; चारही आईनंच शिवून दिल्या. तो पहिल्यांदाच घरात आला, खुर्चीवर टेकला आणि त्यानं ढब्बूसाठीचं लाचेचं बिस्किट टेबलावर ठेवलं. तेवढ्यात टेबलाखालून कुणीतरी गुरगुरलं. पोस्टमन टुणकन खुर्चीवर चढला आणि पँट टर्रकन फाटली. खालून लेक खिदळत निघाली. आईनं हसत, डोळे पुसत सुईत दोरा ओवला. "भाऊ, पाचवीसुद्धा ढब्बूच्याच नावावर!"