ट्रम्पेटवाला पुढे येतो

शंभर वर्षांपूर्वीचं जॅझ एकदा कानात शिरलं की पाय काही ऐकत नाहीत. मी ग्रामोफोन दुरुस्त करतो, मला विचारा! त्या दुपारी जुन्या बाजारात मिळालेली तबकडी लावली आणि ताई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून नाचत बाहेर आली.

"पुन्हा लाव रे!"

त्या काळी माइक नव्हता. सगळे वादक एका मोठ्या भोंग्यासमोर उभे राहून वाजवायचे. ट्रम्पेटवाल्याला मात्र पार मागे, भिंतीपाशी उभं करायचे. तो जवळ आला, तर त्याच्या आवाजाच्या जोराने तबकडी कोरणारी सुईच उडायची. आमच्या तबकडीतही तो लांबूनच ऐकू येत होता.

दुसऱ्यांदा लावली, तेव्हा तो पियानोच्या बरोबरीला आला होता.

"ताई, हा पुढे सरकलाय!"

"तुझं आपलं काहीतरीच!" ती म्हणाली, पण तिचे डोळे चमकले. "परत लाव बघू."

मी ग्रामोफोनला चावी दिली. आता तो सगळ्यांच्या पुढे होता. आणि काय वाजवत होता! अंगावर काटा आला. आम्ही दोघंही खुळ्यासारखे टाळ्या पिटत होतो. तेवढ्यात सुई टुणकन उडाली.

मी हाताने तबकडी थांबवली, सुई काढून बाजूला ठेवली. खोली शांत झाली. ताईचा पाय अजून ताल धरून होता.

"थांबू नका हो," ती ग्रामोफोनच्या भोंग्याकडे बघत म्हणाली.

आणि भोंग्याच्या आत कुणीतरी, फुंकण्याआधी घेतात तसा, छाती भरून श्वास घेतला.