बॅटरीची काळजी

"मशीन ठीक आहे हो. माणूस रुसलाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीवाल्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

पलंगावर त्यांच्या यजमानांना उशांना टेकवून बसवलं होतं. आजाराने हात, पाय, जीभ असं एकेक करत सगळं नेलं होतं. राहिले होते डोळे. समोरच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या स्क्रीनखाली बोटभर जाडीचा कॅमेरा. स्क्रीनवरच्या अक्षरावर नजर रोखली की ते उमटायचं, ओळ पुरी झाली की लॅपटॉप ती मोठ्याने वाचायचा. वर्षभर नवराबायकोची भांडणंसुद्धा अशीच व्यवस्थित चालली होती. तीन आठवड्यांपूर्वी ते बोलायचे थांबले.

"कशावरून रुसले?"

"मी म्हटलं, चार दिवस थोरल्या भावजींकडे राहा, मला जरा पाठ टेकू दे. तेव्हापासून तोंडाला कुलूप."

मुलीने परगावाहून फोनवर धोशाच लावला, म्हणून काकूंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. नाहीतर रुसव्याला कुणी मेकॅनिक बोलावतं?

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्याचा दिवा लागला. हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. दोन मिनिटांनी दिवा विझला आणि स्क्रीनवर पुन्हा सुरुवातीचं कोरं पान आलं.

"चार्जर कुठंय?"

"कपाटात. शंभर टक्के झाले की मी काढून ठेवते." काकूंच्या आवाजात थोडा अभिमान होता. "हे रुसले त्याच सुमारास नवी बॅटरी टाकली ना. दुकानदाराने बजावलं होतं, सारखा प्लग लावून ठेवला तर फुगेल म्हणून. आणि ती बचतीची सेटिंग मीच शोधली. अगदी टोकाला नेऊन ठेवलीये."

त्या घरात टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लॅस्टिक होतं. वस्तू जपाव्यात तर काकूंनी.

"काकू, प्लग काढला आणि दोन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, की ही सेटिंग कॅमेराच बंद करते आणि पान परत कोरं होतं. बॅटरी वाचवायला. काका तर डोळ्यांनी लिहितात. लॅपटॉपला वाटतं, समोर कुणी नाहीच."

काकूंना ते उमजायला जरा वेळ लागला. "म्हणजे हे रुसले नव्हते?"

"बघू या की. अर्धवट राहिलेल्या ओळी यात साठतात."

काकू एकदम हलक्या झाल्या. इतक्या की हसल्याच. "अहो, ऐकलंत का? मी उगाच तुमच्यावर डाफरत होते."

त्याने यादी उघडली. तारीख, वेळ आणि पुढे तुटलेली ओळ. पहिल्या दिवशी "अगं ऐक ना". दुसऱ्या दिवशी तीन वेळा "अगं ऐक". दिवसातून जितक्यांदा लॅपटॉप उघडला होता, तितक्यांदा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती. पुढच्या आठवड्यात ओळी आखूड होत गेल्या. "अगं ऐ". मग नुसतंच "अगं". दुरुस्तीवाला मोठ्याने वाचत होता, तो हळूहळू मनातल्या मनात वाचू लागला. शेवटच्या ओळीत फक्त "अ" होता, तारीख गेल्या गुरुवारची. आज मंगळवार. त्याखाली काही नव्हतं.

त्याने चार्जर मागून घेतला, प्लग लावला, बचतीची सेटिंग काढून टाकली. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि दोन मिनिटं उलटली तरी लागलेलाच राहिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आला.

"काका, या ठिपक्याकडे बघा. बघितलंत की हिरवा होईल."

ठिपका पांढराच राहिला. त्याने टेबल जवळ ओढलं, कॅमेऱ्याची काच पुसली, खिडकीचा पडदा सरकवला. काका समोर बघत होते. पापणी मधूनच मिटत होती, पण बुबुळं जागची हलली नाहीत. आजाराने शेवटी डोळेही नेले, अशी आणखी दोन घरं त्याने पाहिली होती, त्यामुळे काकांना पुन्हा बघायला सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"आणखी एखादी सेटिंग असेल," काकू म्हणाल्या.

"नाही काकू. सगळ्या बघितल्या."

"कॅमेरा बदलून बघू या?"

"कॅमेरा चांगला आहे."

काकू पलंगाच्या कडेवर टेकल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या यजमानांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होत्या.

"मी हे उघडून समोर ठेवायचे आणि स्वयंपाकघरात जायचे," त्या दुरुस्तीवाल्याला सांगू लागल्या. "परत यावं तर पान कोरं. मग झाकण मिटताना रोज यांना म्हणायचे, नका बोलू, माझं काही अडत नाही."