कोरी वही

अडतिसावा प्रश्न वाचला आणि तिची पेन्सिल नेहमीच्या खोडीनं ‘अ’कडे धावली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती.

बढतीच्या परीक्षेतल्या विसंगतीच्या प्रश्नांनी याआधी दोनदा तिला तोंडघशी पाडलं होतं. एकमेकांच्या उलट वाटणारी दोन विधानं आणि खाली चार पर्याय. ती बुटांच्या कारखान्यात तपासनीस. बारा वर्षं तिनं एकच काम केलं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की एक जण खोटं बोलतोय, तो कोण ते हुडकून काढायचं. सगळा कारखाना तिला मागून ‘भिंग’ म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पण परीक्षेत हीच सवय अंगाशी यायची. विभागप्रमुख व्हायचं तर वयाच्या पंचेचाळिशीआधी पास व्हायला हवं होतं, आणि ही तिची शेवटची खेप होती.

लेकीनं महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर दोन-दोन प्रश्न पाजले होते. आई, पोलिसगिरी सोड, असं ती शंभरदा म्हणाली असेल. आजही दारात चपला घालताना तिनं बजावलं होतं, “दोन्ही वाक्यं खरीच धरायची. दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे सांगणारी तिसरी गोष्ट शोधायची. बस्स.”

तिनं प्रश्न पुन्हा वाचला. एका रुग्णालयात ज्या वॉर्डाची मुख्य परिचारिका सर्वांत कडक, त्याच वॉर्डात चुकांच्या नोंदी सर्वांत कमी. मात्र औषध चुकल्यामुळे त्रास झालेले रुग्णही त्याच वॉर्डात सर्वांत जास्त. ‘अ’ म्हणत होता, रुग्णांचे आकडे चुकीचे आहेत. ‘ब’ भिंतींच्या रंगाबद्दल आणि ‘क’ जेवणाच्या वेळांबद्दल काहीबाही सांगत होता. ‘ड’ म्हणत होता, तिच्या धाकानं बाकीच्या परिचारिका आपल्या चुका सांगतच नव्हत्या.

उत्तर सरळ होतं. तिनं ‘ड’चा गोल काळा केला, आणि मग तिला कारखान्यातलं स्वतःचं टेबल आठवलं.

कारखान्यात सोल चिकटवायच्या टेबलाला दोरीनं एक वही बांधलेली होती. हातून सोल वाकडा बसला की ज्याचा त्यानं तो जोड बाजूला काढायचा आणि वहीत लिहायचं, ही तिथली जुनी रीत. तीन वर्षांपूर्वी ते टेबल तिच्याकडे आलं. लिहिणाऱ्यांना तिनं सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं की दोन महिन्यांत वही कोरी. तेव्हापासून कोरीच. शुक्रवारच्या मुलाखतीत साहेबांपुढे ठेवायला तिच्याकडे दुसरं होतं काय? ती कोरी वही म्हणजे तिचा हुकमाचा पत्ता.

आणि दुकानांतून सोल सुटलेले जोड मात्र दरवर्षी वाढत्या संख्येनं परत येत होते. परतीच्या मालाचा कारकून घसा कोरडा करून ते सांगायचा. तिनं त्याला चारचौघांत खोटारडा ठरवलं होतं. बिचारा खरंच सांगत होता. वाकडा सोल उचकटून पुन्हा दाबला की वरून दिसतो चकाचक, भिंगालाही कळत नाही. सुटतो तो गिऱ्हाइकाच्या पायात. वही कोरी होती हेही खरं आणि बूट तुटत होते हेही खरं. या दोन्हींना जोडणारी तिसरी गोष्ट इथे बाकावर पेन्सिल धरून बसली होती.

उरलेले प्रश्न सोडवून ती बाहेर पडली. वाटेत मनानं पळवाट काढलीच. शुक्रवार तेवढा जाऊ दे, मग बघू. कुणाला कळणारही नव्हतं. पण तिला कळलं होतं, आणि कळल्यावर गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

सोमवारी सकाळी ती थेट सोलच्या टेबलापाशी गेली. सगळ्यांचे हात थबकले. तिनं वही ओढली, उभ्या उभ्या स्वतःच्या चुकीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पान उघडंच ठेवलं. मग कारकुनाकडे जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची माफी मागितली. टेबलावरच्या सर्वांत जुन्या काकूंनी मान लांबवून पान वाचलं. मग तयार मालाच्या खोक्यातून त्यांनी तीन जोड बाहेर काढले आणि पेन मागितलं.

गुरुवारी निकाल लागला. ती पास होती. शुक्रवारी मुलाखतीत साहेबांनी आधी अभिनंदन केलं, मग वही पुढं ओढून पानं उलटली. जवळपास तीन वर्षं एकही नोंद नाही आणि या पाच दिवसांत एकवीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, तुम्ही म्हणता टेबलाचं काम सुधारतंय. वही म्हणते, पाच दिवसांत एकवीस चुका. यातलं एक काहीतरी खोटं असणार ना?”

“दोन्ही खरं आहे, साहेब,” ती म्हणाली. “त्यातली पहिली चूक वाचा. ती माझी आहे.”